प्रारूप विकास आराखड्यावर हरकत कशी घ्यावी

शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की लोक आधी एकच गोष्ट शोधतात: आपल्या जागेवर आरक्षण पडले का (म्हणजे ती शाळा, मैदान, दवाखाना अशा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवली का), आपल्या घरावरून रस्ता गेला का. ते पाहायलाच हवे. पण आराखड्यातले सगळ्यात मोठे नुकसान बहुधा नकाशावर दिसतच नाही, कारण ते वगळलेले असते. जुन्या आराखड्यात खेळाचे मैदान होते, नव्यात तिथे निवासी विभाग आहे. ज्याची जमीन सुटली तो गप्प राहतो, आणि ती जमीन बाकी कुणाच्या नावावर नसल्याने हरकतही येत नाही. आपल्या सातबाऱ्यापलीकडे पाहून हरकत घेणारे रहिवासी म्हणूनच फार मोलाचे असतात.

महाराष्ट्रात ही सगळी प्रक्रिया महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याखाली चालते. महापालिका, नगरपरिषद किंवा नगरपंचायत असे जे नियोजन प्राधिकरण असेल ते कलम २६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवते, आणि कलम २८ खाली त्यांचा विचार करते. कलम २८ मध्ये शब्द आहे तो ‘कोणतीही व्यक्ती’. जमीनमालक असणे गरजेचे नाही. भाडेकरू, झोपडपट्टीत राहणारे, त्या भागातल्या शाळेचे पालक, गृहनिर्माण संस्था या सगळ्यांना हरकत घेता येते. ‘तुमचा सातबारा कुठे आहे’ असे खिडकीवर विचारले गेले, तर हे कलम शांतपणे दाखवा.

मुदत आणि पहिले तीन दिवस

मुदत नोटिशीत लिहिलेली असते आणि तीच खरी धरायची. अनेक ठिकाणी ती ३० दिवसांची असते. मोठ्या महापालिकांच्या आराखड्यांना ६० दिवसही मिळाले आहेत. नोटीस राजपत्रात, स्थानिक वृत्तपत्रांत आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर येते. तिघांतील तारखा जुळतात का ते पाहा आणि नोटिशीचा फोटो काढून ठेवा. मुदतवाढ मिळेल या भरवशावर थांबू नका. शेवटच्या दोन दिवसांत आवक विभागासमोर रांग लागते, ऑनलाइन सोय असेल तर तीही अडकते, आणि शेवटची तारीख सुट्टीच्या दिवशी आली तर वाद आपल्याच वाट्याला येतो.

माहितीच्या अधिकारावर या काळात विसंबणे चुकीचे ठरते. अर्जाला १० रुपये लागतात हे खरे, पण उत्तराला ३० दिवस मिळतात, म्हणजे उत्तर हाती येईपर्यंत हरकतीची मुदत संपलेली असू शकते. त्यापेक्षा नकाशे आणि अहवालाच्या प्रती थेट नगररचना विभागात मागा. प्रारूप आराखडा लोकांना पाहण्यासाठी खुला ठेवणे आणि त्याच्या प्रती किंवा उतारे वाजवी किमतीला देणे कायद्याने प्राधिकरणावर बंधनकारक आहे.

पहिल्या तीन दिवसांत एवढे जमवा: प्रस्तावित जमीन वापराच्या नकाशाची आपल्या भागाची शीट, विद्यमान जमीन वापराचा नकाशा, आराखड्याचा अहवाल, आरक्षणांची यादी, आणि आधीच्या मंजूर आराखड्याची तीच शीट. जुन्या आराखड्यात मधल्या काळात कलम ३७ खाली काही फेरबदल झाले असतील तर त्यांच्या अधिसूचनाही शोधा. हरकतीतले निम्मे काम या जुन्या कागदांवर उभे राहते.

नकाशा वाचताना

सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवरून सर्व्हे किंवा गट क्रमांक, हिस्सा क्रमांक किंवा सिटी सर्व्हे नंबर लिहून घ्या. महाभूनकाशा संकेतस्थळावर गावाचा नकाशा पाहून त्या गटाचा आकार आणि शेजारचे गट ओळखा. मग आराखड्याच्या शीटवर आधी एखादी न हलणारी खूण शोधा: रेल्वेमार्ग, ओढा, जुना पूल, मोठा चौक. तिथून गटाकडे सरका. थेट गट शोधायला गेलात तर शेजारच्याच गटावर बोट ठेवून हरकत लिहिली जाते, आणि असे खूप वेळा होते. विशेषतः ज्या गावांत जमिनींच्या एकत्रीकरण योजनेनंतर सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, तिथे जुने आणि नवे क्रमांक एकच समजले जातात.

प्रमाण पाहा. १:५००० च्या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५ मीटर, १:१०,००० च्या नकाशावर १० मीटर. १८ मीटरचा रस्ता पहिल्या नकाशावर ३.६ मिलिमीटर दिसतो आणि दुसऱ्यावर जेमतेम १.८. अर्ध्या मिलिमीटरची रेषच जमिनीवर अडीच ते पाच मीटर खाते. त्यामुळे मोबाइलवर पीडीएफ मोठी करून ‘रस्ता आमच्या भिंतीला लागतो’ असे ठरवू नका. स्कॅन केलेली प्रत थोडी ताणलेली असते, आणि वाद झाला तर कार्यालयातला सहीशिक्क्याचा नकाशाच ग्राह्य धरला जातो. शंका असेल तर भाग नकाशा (आपल्या जागेपुरता आराखड्याचा अधिकृत उतारा) मिळवा आणि भूमी अभिलेख विभागाकडच्या मोजणी नकाशाची ‘क’ प्रत जोडा.

रंगांच्या बाबतीत अंदाज करू नका. प्रत्येक शीटवर सूची असते. मात्र एक भेद पक्का लक्षात ठेवा. विद्यमान उद्यान आणि प्रस्तावित उद्यान वेगळे. विद्यमान म्हणून दाखवलेले उद्यान प्रत्यक्षात जागेवर नसेल, तर तुमच्या भागाला मिळू शकणारे एक आरक्षण कागदावरच पूर्ण झाल्यासारखे होते. म्हणून शीट हातात घेऊन आपल्या भागात एक फेरी मारा आणि विद्यमान म्हणून दाखवलेली प्रत्येक शाळा, दवाखाना, मैदान, बाजार तिथे खरेच आहे का ते पाहा. मुंबईचा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रारूप आराखडा एप्रिलमध्ये सरकारला पुन्हा करायला लावावा लागला, त्यामागे अशाच चुका होत्या आणि त्या मोठ्या प्रमाणात नागरिकांनी दाखवल्या होत्या. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आले आणि मंजूर आराखडा १ सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला.

सुटलेली आरक्षणे शोधणे

हे काम एकट्याने होत नाही. तीन-चार जणांनी एक रविवार दिला तर एका प्रभागाचे होते.

जुन्या मंजूर आराखड्यातील आपल्या भागातली सगळी आरक्षणे एका कागदावर उतरवा: क्रमांक, हेतू, सर्व्हे नंबर, क्षेत्र. नव्या आराखड्यात क्रमांक बदललेले असतात, म्हणून क्रमांकावरून जुळवू नका, जागेवरून जुळवा. प्रत्येकासमोर लिहा: कायम, क्षेत्र कमी, हेतू बदलला, वगळले, विकसित झाले. ‘हेतू बदलला’ या रकान्यात नीट डोकवा. मैदानाचे आरक्षण जाऊन त्या जागी ‘सार्वजनिक सुविधा’ असा मोघम शब्द येतो आणि पुढे तिथे काहीही बांधता येते.

मग अहवालातील लोकसंख्येचा अंदाज घ्या. प्राधिकरणाने कोणते मानक धरले हे अहवालातच असते. हरकतीत आधी तेच मानक वापरा, कारण ते त्यांना नाकारता येत नाही. सोबत केंद्र सरकारच्या नागरी व प्रादेशिक विकास नियोजन मार्गदर्शक तत्त्वांचा आधार देता येतो. त्यात ५,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक शाळा आणि दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा धरली आहे. समजा, तुमच्या नियोजन विभागाची (आराखड्यासाठी शहराचे जे भाग पाडतात त्यांपैकी तुमच्या भागाची) अंदाजित लोकसंख्या ६०,००० आहे. मग १२ प्राथमिक शाळा हव्यात. विद्यमान आणि प्रस्तावित मिळून ७ असतील तर ५ कमी पडतात. मोकळी जागा दरडोई १० चौरस मीटर धरली तरी ६० हेक्टर होते. दाट जुन्या वस्तीत एवढी जागा मिळणार नाही, हे हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीला माहीत असते आणि तुम्हीही मान्य करा; पण ‘जिथे आधीच तूट आहे तिथले मैदान वगळू नये’ हा मुद्दा या आकड्यांनी भक्कम होतो.

हरकतीत काय असावे

हरकतीला जागा, कारण आणि पर्याय लागतात. तीनपैकी पर्याय बहुतेकांच्या पत्रात नसतो आणि तिथेच पत्र पडते. नियोजन समितीला ‘हे काढा’ म्हणणारे शेकडो भेटतात. शाळेचे आरक्षण काढले तर शाळा कुठे न्यायची, याचे उत्तर तुमच्या पत्रात असेल तर तुमचे पत्र वेगळे वाचले जाते.

एका पत्रात एकच विषय घ्या. रस्ता, मैदान आणि पूररेषा एकाच पत्रात लिहिली तर त्यातल्या एकाचीच नोंद होते आणि बाकीचे हरवते. मसुदा असा ठेवता येईल:

‘प्रति, मा. आयुक्त (नगरपरिषद किंवा नगरपंचायत असल्यास मुख्याधिकारी). विषय: प्रारूप विकास योजनेवर अधिनियमाच्या कलम २६ अन्वये हरकत व सूचना. संदर्भ: दिनांक … ची नोटीस. मौजे …, सर्व्हे नंबर …, शीट क्रमांक …, नियोजन विभाग …. मंजूर आराखड्यात ही जागा खेळाचे मैदान म्हणून आरक्षित होती, आरक्षण क्रमांक …, क्षेत्र … चौरस मीटर. प्रारूप आराखड्यात ती निवासी विभागात दाखवली आहे. जागा आजही मोकळी आहे. छायाचित्रे सोबत जोडली आहेत. प्रारूप अहवालातील मानकानुसार या विभागात मैदानांची … हेक्टर तूट आहे. विनंती: सदर आरक्षण पूर्वीच्याच क्षेत्रासह कायम ठेवावे, ते शक्य नसल्यास त्याच नियोजन विभागात सर्व्हे नंबर … येथे तेवढेच क्षेत्र आरक्षित करावे. मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी मिळावी.’

खाली नाव, पूर्ण पत्ता, मोबाइल, ईमेल, सही आणि जोडलेल्या कागदांची यादी. नकाशाच्या भागप्रतीवर जागा लाल पेनने घेरा आणि त्या पानावरही सही करा. प्रत्येक पानाला क्रमांक द्या. पाने सुटी होतात. तुमच्या नावाशिवायचे छायाचित्र कुणाच्याही फाईलला लागू शकते.

विषय रस्त्याचा असेल तर आणखी बारकावे आहेत. रुंदीकरण एकाच बाजूने घेतले आहे की दोन्ही बाजूंनी समान, ते मोजा. गावाच्या जुन्या नकाशात गाडीवाट किंवा पाणंद असेल आणि नवा रस्ता तिला सोडून घरांवरून गेला असेल, तर पाणंदीवरून आखणी सुचवा आणि ती रेष नकाशावर काढूनच द्या. रस्ता ओढा ओलांडत असेल तर पूल लागेल, तीव्र चढावर असेल तर खोदाई लागेल; खर्चाचा मुद्दा समितीला पटतो. फक्त ‘आमची घरे वाचवा’ लिहिलेले पत्र माणसाला पटते, पण त्यावर शिफारस लिहिण्यासाठी समितीला तांत्रिक कारण लागते. तुमच्या इमारतीला बांधकाम परवानगी, जोते तपासणी दाखला किंवा भोगवटा प्रमाणपत्र असेल तर ते पहिल्या पानामागेच लावा. मंजूर नकाशाच्या इमारतीवरून रस्ता दाखवला असेल, तर यापेक्षा मोठा पुरावा नाही.

नदीकाठच्या वस्त्यांनी पूररेषा तपासावी. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आराखड्यातल्या रेषा जलसंपदा विभागाच्या रेषांशी जुळतात का ते पाहा. निळ्या रेषेच्या आत निवासी विभाग दाखवला असेल किंवा ओढाच नकाशावरून पुसला गेला असेल, तर ती हरकत प्रत्येक रहिवाशाने घ्यावी, जमीन कुणाचीही असो. पाणी कुठवर आले होते याची तारखेसह छायाचित्रे आणि महसूल विभागाचे पंचनामे जोडा.

स्वतःच्या जागेवर आरक्षण पडले असेल तर नुसते ‘वगळावे’ लिहिण्याआधी हिशेब करा. संपादनाच्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) मिळतो का, समावेशक आरक्षणाखाली काही भाग विकसित करून उरलेला स्वतःकडे ठेवता येतो का, हे नियमावलीत पाहा. कधी ‘आरक्षणाचे क्षेत्र कमी करावे’ किंवा ‘ते गटाच्या एका बाजूला, रस्त्यालगत सरकवावे’ ही मागणी मान्य होण्याची शक्यता जास्त असते. आधीचे आरक्षण कलम १२७ खाली व्यपगत झाल्याची (मुदतीत जागा न घेतल्याने संपल्याची) अधिसूचना असेल तर ती जोडायला विसरू नका.

काय चालत नाही तेही सांगायला हवे. वारसाहक्क, भावकीचा हद्दीचा वाद, शेजाऱ्याचे अनधिकृत बांधकाम, मालमत्ता कर, मोबदल्याचा दर या गोष्टी नियोजन समितीच्या कक्षेत येत नाहीत. त्या पत्रात घातल्या की खरा मुद्दाही त्यांच्यासोबत बाजूला पडतो.

छापील अर्जांचे गठ्ठे

एकाच मजकुराचे हजार अर्ज छापून सह्या घेण्याची पद्धत सगळीकडे आहे. पुण्याच्या २०१३ च्या प्रारूप आराखड्यावर सुमारे ८७ हजार हरकती व सूचना आल्या होत्या. एवढा गठ्ठा आला की सारख्या मजकुराचे अर्ज एकत्र बांधले जातात आणि त्यांचा निर्णय एकाच ओळीत होतो. कायद्यात हरकतींचे मतदान नाही. संख्येचा उपयोग नगरसेवक आणि आमदारांना विषय किती लोकांना भिडतो हे दाखवण्यापुरता आहे, आणि तो उपयोग खरा आहे. फक्त तेवढ्यावर थांबू नये.

चांगली मांडणी अशी: नकाशे, आकडे आणि पर्याय असलेली एक सविस्तर सामूहिक हरकत, आणि तिला संदर्भ देऊन प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेली अर्ध्या पानाची पत्रे. शाळेत मुलाला रोज किती दूर जावे लागते, मैदानावर कोण खेळते, पावसाळ्यात पाणी कुठे तुंबते. गृहनिर्माण संस्थेची हरकत असेल तर ठरावाची प्रत आणि सही करणाऱ्याला दिलेले अधिकारपत्र लावा. सह्यांची पाने जोडताना प्रत्येक पानाच्या डोक्यावर हरकतीचा विषय आणि शीट क्रमांक लिहा, नाहीतर त्या सह्या कशासाठी आहेत हेच सिद्ध होत नाही.

दाखल करणे

दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्या, दुसऱ्यावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. नुसती सही पोच म्हणून पुरत नाही. ऑनलाइन दिली तर नोंदणी क्रमांकाचा स्क्रीनशॉट आणि जोडलेल्या फाईली दोन्ही जपा. स्पीड पोस्टने पाठवायची असेल तर ती मुदतीच्या आत कार्यालयात पोहोचेल अशा बेताने पाठवा. पोस्टात टाकल्याची तारीख धरली जाईल असे समजू नका.

सुनावणी

हरकती नियोजन समितीकडे जातात. नियोजन प्राधिकरणाच्या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. हरकत घेणाऱ्याला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देणे कायद्याने बंधनकारक आहे. तुमच्यासोबतच्यांना बोलावणे आले आणि तुम्हाला नाही, तर समितीचे काम चालू असतानाच पोचेची प्रत लावून लेखी कळवा. समितीने अहवाल दिल्यानंतर केलेल्या तक्रारीचा फारसा उपयोग होत नाही.

वेळ फार कमी मिळतो. सुरुवात पार्श्वभूमीने करू नका. पहिल्या वाक्यात शीट क्रमांक आणि सर्व्हे नंबर सांगा म्हणजे अधिकारी तो नकाशा उघडतील. नकाशा समोर उघडेपर्यंत बोललेले वाया जाते. मग मागणी, मग दोन कारणे, मग पर्याय. बोललेले सगळे एका पानावर लेखी म्हणणे म्हणून द्या आणि त्याचीही पोच घ्या. येता येत नसेल तर अधिकारपत्र देऊन दुसऱ्याला पाठवा. हरकतीत नसलेला नवा मुद्दा तिथे काढू नका; तो नोंदला जात नाही आणि जुन्याचा वेळ खातो. सामूहिक हरकतीसाठी चाळीस जण गेलात तर बोलायला दोघेच ठेवा, एक नकाशावर बोट ठेवणारा आणि एक त्या जागेशी रोजचा संबंध असलेला.

त्यानंतर

समितीची शिफारस म्हणजे अंतिम निर्णय नव्हे. तिच्या अहवालावर नियोजन प्राधिकरण विचार करते, बदललेला आराखडा प्रसिद्ध होतो आणि मंजुरीसाठी राज्य सरकारकडे जातो. बदलांची यादी आली की सगळी वाचा, फक्त आपला क्रमांक नाही. सुनावणीच्या टप्प्यात काही नवी आरक्षणे येतात आणि काही जुनी निघतात, आणि ज्यांनी मुळात हरकत घेतली नव्हती अशा लोकांच्या जागांवरही परिणाम होतो.

सरकारला मंजुरी देताना मोठे बदल करायचे असतील तर कलम ३१ खाली तेवढा भाग वगळून बाकीचा आराखडा मंजूर होतो आणि वगळलेल्या भागातील बदलांवर पुन्हा हरकती मागवल्या जातात. या वगळलेल्या भागांना बोलीभाषेत ‘ईपी’ (एक्सक्लुडेड पार्ट) म्हणतात. त्या हरकतींची सुनावणी शासनाने नेमलेला अधिकारी घेतो, बहुधा नगररचना विभागाचा सहसंचालक. इथे फक्त त्या ईपी क्रमांकातल्या बदलावर बोलता येते. राजपत्रातील सूचीत आपल्या भागाचे ईपी क्रमांक शोधून ठेवा, कारण ही दुसरी नोटीस पहिल्या इतकी गाजत नाही आणि अनेक चांगली मैदाने याच टप्प्यात हातची जातात.

आराखडा मंजूर झाला की तो साधारण २० वर्षांसाठी असतो. मधल्या काळात बदल कलम ३७ खाली होतात, आणि त्या प्रत्येक फेरबदलाची सूचना राजपत्रात व वृत्तपत्रात येऊन हरकतींसाठी एक महिना मिळतो. तुमची पोच, भाग नकाशा, आरक्षणांची तुलनायादी आणि सुनावणीतले लेखी म्हणणे एका फाईलमध्ये संस्थेच्या कार्यालयात ठेवा आणि त्याची स्कॅन प्रत निदान तिघांकडे असू द्या. तेच आरक्षण बदलण्याची नोटीस पुढे कधी आली, तर महिन्याभरात हे सगळे कागद पुन्हा गोळा करणे जमत नाही.